परदेशी जाताना पैसा कसा न्यावा: खेड्यातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर

वऱ्हाडातल्या, झाडीपट्टीतल्या खेड्यांतून आता माणसं परदेशी जायला लागली आहेत. कोणी धम्मयात्रेच्या गटाबरोबर थायलंड-श्रीलंकेला जातं, कोणी उमऱ्याला म्हणजे मक्केच्या यात्रेला. कोणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, कोणाची मुलगी अमेरिकेत बाळंत व्हायची आहे म्हणून आई-बाबा निघतात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची धावपळ सगळे मनापासून करतात. पैशाचं मात्र "तिकडं गेल्यावर पाहू ना" म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशात पैशाची जी अडचण होते, तिचं मूळ बहुतेक वेळा आपल्या तालुक्याच्या शाखेत राहून गेलेल्या एखाद्या कामात असतं. शहरातला माणूस आदल्या दिवशीही धावपळ करून निभावून नेतो. आपल्याला बँक वीस किलोमीटर, परकीय चलनाचं दुकान नागपूर नाहीतर अमरावतीला, आणि मध्ये दोन सुट्ट्या आल्या की आठवडा गेला. म्हणून ही तयारी निघायच्या दीड महिना आधी सुरू करा.

दीड महिना आधी: खातं आणि कार्ड

आधी घरातलं एटीएम कार्ड हातात घ्या आणि त्यावरचं चिन्ह बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर ते परदेशात चालण्याची शक्यता चांगली. रुपे असेल तर शाखेत जाऊन सरळ विचारा, "हे कार्ड भारताबाहेर चालतं का?" जनधन खात्याचं, जिल्हा मध्यवर्ती बँकेचं किंवा पीक कर्जाच्या खात्याचं रुपे कार्ड सहसा देशातल्या देशातच चालतं. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड वेगळं असतं, आणि तेही सगळीकडे घेतलं जातंच असं नाही. पतसंस्थेतल्या ठेवीचा परदेशात थेट काहीच उपयोग नाही. ती रक्कम आधी एखाद्या मोठ्या बँकेच्या बचत खात्यात आणावी लागते. तसं खातं नसेल तर आत्ताच उघडा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. कार्ड टपालाने गावात पोहोचायला, त्याचा पिन तयार करायला वेळ जातो.

आपल्याकडच्या वयस्क मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कित्येक आजी-आजोबा सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढतात. कार्ड कपाटात, पिन कधी वापरलेलाच नाही. परदेशात अंगठा चालत नाही, तिथे कार्ड आणि पिन हाच रस्ता आहे. म्हणून आई किंवा बाबा जाणार असतील तर त्यांना तालुक्याच्या एटीएमवर चार-पाच वेळा घेऊन जा आणि पैसे त्यांनाच काढू द्या. तुम्ही मागे उभे राहा, हात लावू नका. पिन बोटांना पाठ झाला पाहिजे. कार्डाच्या मागे किंवा पाकिटातल्या चिठ्ठीवर तो लिहून ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं आहे.

मग कागदपत्रं. परकीय चलन घ्यायला पॅन लागतो, आणि आपल्या अनेक कास्तकारांनी तो कधी काढलेलाच नसतो. पासपोर्टवर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं, हा प्रकारही घरोघरी आहे. कुठे वडिलांचं नाव पुढे, कुठे 'राव' जोडलेलं, कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरून दिलेलं कार्ड) घ्यायचं असेल तर पासपोर्ट आणि पॅन यांवरचं नाव जुळायला हवं. केवायसी जुनी झाली असेल तर तीही याच फेरीत करून टाका. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. ते चालू करून घेतल्याशिवाय त्यावरचं कार्ड चालत नाही.

खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे तेही तपासा. बऱ्याच घरांत तो लग्न होऊन गेलेल्या मुलीचा, नाहीतर बंद पडलेल्या सिमचा निघतो. ओटीपी आणि खर्चाचे मेसेज त्याच नंबरवर येणार, म्हणून प्रवासात बरोबर असणारा नंबर जोडून घ्या. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करावं लागतं, आणि परतेपर्यंत पुरेल असं रिचार्जही मारून ठेवावं लागतं. तिकडे नवं सिम घेतलं तरी आपलं जुनं सिम फोनमध्येच राहू द्या.

शेवटचं काम सर्वात जास्त विसरलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२० पासून नवी आणि बदलून मिळालेली कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशातला वापर आपण स्वतः, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून, चालू करावा लागतो. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप अशी चार वेगळी बटणं असतात. एटीएम आणि दुकानाचं चालू करा, ऑनलाइनचं गरज नसेल तर बंदच ठेवा, आणि रोजची मर्यादा तुम्हाला लागेल तेवढीच ठेवा. परदेशातल्या कित्येक मशीनवर ओटीपी मागितला जात नाही. कार्ड चोराच्या हातात पडलं तर ही मर्यादाच तुमच्या पैशांची राखण करते.

किती न्यायचे आणि कशात वाटायचे

टूर कंपनीच्या गटातून जाणाऱ्याचं राहणं, जेवण, बस यांचे पैसे आधीच भरलेले असतात. उरतो तो चहापाण्याचा, विहारातल्या दानाचा, खरेदीचा आणि अडीनडीचा खर्च. आठ-दहा दिवसांसाठी माणशी दोनशे-तीनशे डॉलर रोख आणि कार्डावर तेवढेच किंवा थोडे जास्त, एवढं मला पुरेसं वाटतं. मुलाकडे राहायला जाणाऱ्या आई-बाबांना रोख याहून कमी लागेल. पण "पोरगा आहे ना तिकडं" म्हणून रिकाम्या हाताने निघू नये. विमान बदलताना दोहा किंवा दुबईला अडकून पडलं तर पोरगा तिथे नसतो.

पैसा तीन जागी वाटा. थोडी रोख, एक मुख्य कार्ड, आणि दुसऱ्या बँकेचं दुसरं कार्ड. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. नवरा-बायको असाल तर एकेकाने एकेक सांभाळा. कमरेचा पट्टा बाजारात मिळतो, पण आपल्या बायकांनी परकराला आतून शिवलेला चोरखिसा मला जास्त भरवशाचा वाटतो. पासपोर्ट मावेल एवढा करा आणि तोंडाला चेन लावा, बटण नको. त्यात मोठ्या नोटा आणि दुसरं कार्ड. दिवसभर लागणारे सुटे पैसे मात्र वरच्या पर्समध्येच ठेवा, म्हणजे चारचौघांत चोरखिसा उघडायची वेळ येत नाही.

गटाने जाताना काही ठिकाणी सगळ्यांचे पैसे एकाच प्रमुखाच्या पिशवीत जमा करतात. हे करू नका. पिशवी गेली तर पन्नास माणसं उघड्यावर येतात, आणि विमानतळावर तपासणी झाली तर एवढी रक्कम एकट्याची कशी, याचं उत्तर त्या बिचाऱ्याला द्यावं लागतं. दुसऱ्या कोणाचं पाकीट, पुडकं "फक्त पोहोचवून द्या" म्हणून घेऊन जायचंच नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

रोख परकीय चलन कुठून, कसं घ्यायचं

परकीय चलन फक्त रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्यांकडूनच घ्यावं: बँकांच्या ठराविक शाखा आणि परवानाधारक मनी चेंजर. तालुक्याच्या शाखेत ते सहसा मिळत नाही. शाखा फार तर मागणी नोंदवून घेते. म्हणून नागपूर किंवा अमरावतीची एक फेरी धरा, आणि जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी फोन करून भाव विचारा. विचारताना "डॉलरचा भाव काय" एवढंच विचारू नका. "तीनशे डॉलर घ्यायचे आहेत, सगळं धरून मला किती रुपये द्यावे लागतील?" असं विचारा. भावातला फरक, सेवा शुल्क, जीएसटी सगळं त्या एका आकड्यात येतं आणि तुलना सोपी होते.

जीएसटीचा हिशोब असा: एक लाख रुपयांपर्यंतच्या चलनावर रकमेचा १ टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, हे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लावतात. म्हणजे ५० हजारांच्या चलनावर ९० रुपये, वीस हजारांच्या चलनावर ४५ रुपये. याहून फार मोठा आकडा कोणी 'टॅक्स' म्हणून सांगत असेल तर दुसरं दुकान गाठा.

रुपयात रोख देऊन चलन घ्यायचं असेल तर ५० हजार रुपयांच्या आतच घेता येतं. त्यापुढे चेक, कार्ड किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. कापसाचा, सोयाबीनचा चुकारा रोख घेऊन घरी ठेवला असेल तर तो आधी खात्यात भरा. दुकानात पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसा दाखवावा लागतो, आणि ए-२ नावाचा फॉर्म भरावा लागतो. पावती घेतल्याशिवाय उठू नका. परतल्यावर उरलेलं चलन विकताना आणि कोणी विचारणा केली तर ती पावतीच कामी येते.

बिनपावतीचे डॉलर 'ओळखीच्या माणसाकडून' स्वस्तात घेणं बेकायदा आहे. शिवाय नोट खोटी निघाली तर ती परत घ्यायला कोणी नसतं.

बहुतेक देशांना जाताना नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. त्यापुढची रक्कम कार्डावर. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी रोखीची सवलत वेगळी आहे, पण एवढी रोख जवळ ठेवायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. सौदीत शिरताना ठराविक मर्यादेहून जास्त रक्कम असेल तर जाहीर करावी लागते. वर्षाची एकूण मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपुढच्या चलन-खरेदीवर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच कापून घेतलेला आयकर) कापतात. आपल्यासारख्यांचा प्रवास खर्च या दोन्ही आकड्यांच्या खूप आत असतो.

कोणतं चलन? जर्मनीला युरो, अमेरिकेला डॉलर, सौदीला रियाल थेट इथूनच घ्या. थायलंड आणि श्रीलंकेसाठी मात्र इथे बाट किंवा श्रीलंकन रुपये शोधत बसू नका. मिळाले तरी भाव पडेल असतो. डॉलर न्या आणि तिथे बदला. थायलंडमध्ये शंभराच्या नोटेला वीस-दहाच्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो, म्हणून बहुतेक शंभराच्या आणि थोड्या वीसच्या मागा. दुकानातच एकेक नोट उजेडात धरून बघा. फाटलेली, पेनाने लिहिलेली, शिक्का मारलेली, टाचणी टोचलेली नोट तिकडचे दुकानदार परत करतात. आपल्याकडे नोटेवर आकडा लिहायची आणि गठ्ठ्याला स्टेपल मारायची जुनी सवय आहे, ती डॉलरला लावू नका. दुमडूही नका, पासपोर्टच्या कव्हरमध्ये सपाट ठेवा.

कार्ड: कोणतं कशासाठी

साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक चलन बदलण्याचं शुल्क लावते. अनेक कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं, वर जीएसटी. काही कार्डांवर ते शून्यही असतं. शाखेत "मार्कअप किती?" हा शब्द वापरून विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल. डेबिट कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर दर वेळेचं वेगळं शुल्क लागतं. क्रेडिट कार्डाने परदेशात रोख काढूच नका. त्यावर त्याच दिवसापासून व्याज चढायला लागतं.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घेतलेलं कार्ड. भरलेल्या दिवसाचा भाव पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी त्या रकमेला धक्का लागत नाही. घरच्या खात्याशी ते जोडलेलं नसतं, म्हणून कार्ड गेलं तरी धोका फार तर त्यात भरलेल्या रकमेपुरताच. वयस्क आई-बाबांसाठी मला हेच कार्ड जास्त योग्य वाटतं: खर्च त्यांनी करायचा आणि शिल्लक संपत आली की गावातून मुलाने भरायची. पण कार्डात जे चलन भरलं आहे तेच खर्च करा. डॉलर भरलेल्या कार्डाने जर्मनीत युरोत खर्च केला तर पुन्हा चलन बदलण्याचं शुल्क बसतं. आणि बाहेर पडण्याआधी विचारून घ्या: रक्कम पुन्हा भरायचं शुल्क किती, शिल्लक परत घ्यायचं किती, वापर नसला तर किती कापता.

यूपीआयची आपल्याला एवढी सवय झाली आहे की पानठेल्यावरही आपण क्यूआर शोधतो. भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात आणि फ्रान्स या देशांत भारतीय यूपीआय काही ठिकाणी स्वीकारलं जातं. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो आणि तिथे इंटरनेट लागतं. मिळालं तर वापरा, पण खिशात दुसरी सोय असू द्या. थायलंडला जाणाऱ्या गटाने यूपीआयवर अजिबात विसंबू नये.

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी वेगळं

बोधगया, कुशीनगर करून सोनौलीच्या सीमेवरून लुंबिनीला जाणाऱ्या बसगाड्या आपल्या भागातून दरवर्षी निघतात. नेपाळ आणि भूतानसाठी भारतात परकीय चलन दिलंच जात नाही, कारण तिथे भारतीय रुपया चालतो. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार दीडशे म्हणाला तर त्याला एकशेसाठची आठवण द्या. नोटा मात्र शंभराच्या आणि त्याखालच्याच न्या. पाचशेच्या नोटांवर नेपाळने अनेकदा बंदी घातली आहे, नियम बदलत राहिले आहेत, आणि दुकानदार त्या घ्यायला बिचकतात. निघण्याआधी आठवडाभर बँकेतून शंभराच्या नोटा मागून घ्या. एका दिवशी एवढ्या नोटा गावच्या शाखेत मिळत नाहीत.

इतर देशांना जाताना भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत बरोबर नेता येतात आणि तेवढेच परत आणता येतात. परतल्यावर नागपूर किंवा मुंबईच्या विमानतळावरून गावी यायला लागतील एवढे ठेवले की पुरे.

तिथे उतरल्यावर

विमानतळावर सगळे डॉलर बदलू नका; तिथला भाव शहरापेक्षा बहुतेक कमी असतो. टॅक्सी आणि पहिल्या जेवणापुरते बदला, बाकीचे शहरात. काउंटरवर नोटा मोजून होईपर्यंत खिडकी सोडू नका, मागच्या माणसाची घाई झाली तरी चालेल.

एटीएमवर छोट्या-छोट्या रकमा काढणं महागात पडतं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी साधारण २२० बाट कापतं, आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. दोन हजार बाट काढले तर त्यातले अकरा टक्के शुल्कातच गेले. दहा हजार काढले तर दोन टक्क्यांच्या थोडं वर. म्हणून चार दिवसांचा विचार करून एकदाच काढा. रस्त्याकडेचं सुटं मशीन टाळा, बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा. तेही शाखा उघडी असताना, म्हणजे कार्ड आत अडकलं तर आत जाऊन बोलता येतं.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. पिन टाकल्यावर मशीन विचारतं की तुमच्या खात्यातून रक्कम रुपयांत वळती करायची का, आणि खाली रुपयांतला आकडा दाखवतं. आपला रुपया दिसला की माणसाला बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. पण तो भाव त्या मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. नकाराचं बटण दाबा. व्यवहार रद्द होत नाही, स्थानिक चलनात पुढे जातो. दुकानातल्या मशीनवरही असंच होतं. पडद्यावर 'टीएचबी' (थाई बाट) आणि 'आयएनआर' (भारतीय रुपया) असे दोन आकडे येतात, तिथे टीएचबी निवडा. दुकानदार परस्पर आयएनआर दाबून पावती पुढे करत असेल तर सही किंवा पिन देऊ नका, पुन्हा करायला सांगा. आई-बाबांना ही इंग्रजी अक्षरं एका कागदावर मोठी लिहून द्या: ज्या देशात जाणार त्याची तीन अक्षरं, आणि पुढे बरोबरची खूण.

जर्मनीत लहान बेकऱ्यांत, आठवडी बाजारात अजूनही रोख मागतात, तेव्हा थोडे युरो नेहमी जवळ असू द्या.

कार्ड हरवलं तर

आधी ॲपमधून कार्ड बंद करा. ॲप नसेल तर बँकेला फोन, पण १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. अधिक ९१ ने सुरू होणारा बँकेचा नंबर घरूनच शोधून दोन कागदांवर लिहा: एक तुमच्या सामानात, एक गावातल्या भरवशाच्या माणसाकडे. पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्सही तशीच दोन ठिकाणी. तुमची चूक नसताना, बाहेरच्या कोणी कार्डाची माहिती चोरून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे त्या नुकसानीचा भार तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच कोणाला सांगितला असेल तर हा नियम मदतीला येत नाही. म्हणून रात्री झोपण्याआधी दिवसभराचे मेसेज एकदा वाचायची सवय ठेवा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

परतताना आणि परतल्यावर

नाणी तिथेच खर्चून टाका, इकडे ती कोणी बदलून देत नाही. श्रीलंकन रुपये आणि बाट त्याच देशाच्या विमानतळावर बदलून निघा, नाहीतर नागपुरात ते विकत घेणारा शोधत बसावं लागेल. डॉलर, युरो उरले तर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा मनी चेंजरला विकाव्या लागतात. येताना ५,००० डॉलरहून जास्त नोटा जवळ असतील तर कस्टमला जाहीर करा.

घरी आल्यावर कार्डाचा परदेशातला वापर बंद करा आणि फॉरेक्स कार्डावरची शिल्लक खात्यात परत मागवा. हॉटेलांनी अनामत म्हणून कार्डावर अडवून ठेवलेली रक्कम सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. ती परत आली की नाही, हे पासबुक भरून घेऊन एकदा नीट बघा, आणि नसेल आली तर हॉटेलची पावती घेऊन शाखेत जा.